गप्पांचा फड, उसाचा फड : तिसरीतल्या एका मुलीच्या शब्दसंग्रहाचं प्रकरण

‘पारावर गप्पांचा फड रंगला होता.’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि तिसरीतल्या एका मुलीला वाचायला सांगितलं. तिने ते कुठेही न अडखळता वाचलं. मी विचारलं, “मग पारावर काय चाललं होतं?”

“ऊस तोडीत व्हते.”

वर्गात कुणीही हसलं नाही. उलट दोघातिघांनी माना डोलावल्या. “अगं, पारावर ऊस कुठून येईल?” असं मी म्हणाले, तर ती गोंधळून माझ्याकडेच बघत राहिली. “मंग म्याडम, फड पारावर कसा असंल?”

त्या दिवशी माझ्या नोंदवहीत मी लिहिलं : ‘वाचन चांगले. आकलन नाही. शब्दसंग्रह अत्यंत कमी.’ यातलं शेवटचं वाक्य चूक होतं. मधलंही अर्धं चूकच होतं. ते कळायला मला जवळजवळ दोन महिने लागले. या लेखात त्या दोन महिन्यांची आणि पुढच्या वर्ष-सव्वा वर्षाची हकिकत आहे. मुलीचं, गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम देत नाही.

गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. जमीन हलकी, पाणी कमी. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडे. दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. ज्या शेतात ऊसतोड चालू असते तो ‘फड’, आणि नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’ म्हणतात. ‘यंदा आपल्या वस्तीवरून किती कोयते गेले?’ असा प्रश्न विचारला जातो तेव्हा तो हत्याराबद्दल नसतो.

या मुलीचे आईवडील टायर सेंटरवर, म्हणजे ऊस तोडून टायरगाडीने (रबरी चाकांच्या बैलगाडीने) कारखान्यावर पोचवणाऱ्या टोळीत. पहिलीत असताना ती त्यांच्याबरोबर गेली होती, त्यामुळे ते वर्ष गेल्यातच जमा. दुसरीपासून ती आजीजवळ राहिली. धाकटा भाऊ आईबरोबर जायचा.

तिसरीच्या सुरुवातीला वाचनाची पडताळणी झाली. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचं तिसरीचं लक्ष्य आहे मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह. ती साठ सहज ओलांडत होती. ‘अर्थासह’ हा भाग तपासायचा म्हणजे उताऱ्याखालचे प्रश्न द्यायचे. तेही ती बरोबर सोडवत होती. कसे, ते मी एकदा तिच्या शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं. प्रश्नातला एखादा शब्द बोटाने धरायचा, धड्यात तोच शब्द शोधायचा, तो सापडला की ते पूर्ण वाक्य उतरवून काढायचं. ‘शेतकरी का दुःखी झाला?’ या प्रश्नाला ‘शेतकरी दुःखी झाला’ हे वाक्य आणि नशीब चांगलं असेल तर त्याच्या पुढचं. या पद्धतीने दहापैकी सात-आठ गुण मिळतात. पुस्तक मिटवून “तुझ्या शब्दांत सांग” म्हटलं की ती गप्प.

गणितातही तेच. ‘४ टोपल्यांत प्रत्येकी ६ आंबे आहेत, तर एकूण आंबे किती?’ उत्तर : १०. मी गुणाकाराचे सराव वाढवले. पाढे तिला येत होतेच. तरी उत्तर दहाच.

श्रवणदोष किंवा आणखी काही असेल का, हे मी सुरुवातीलाच पाहायला हवं होतं, ते पाहिलं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं तेव्हा तिचे कान-डोळे व्यवस्थित निघाले. त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत मात्र अडचण कानातच होती, आणि मी त्यालाही ‘आकलन नाही’ याच रकान्यात टाकलं होतं. शब्द कमी पडतात असं वाटणाऱ्या मुलाचे कान आधी तपासून घ्यावेत.

मग मी जे केलं ते बहुतेक शिक्षक करतात. रोज दहा शब्द. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, पाठ करायचे, शुक्रवारी चाचणी. निर्धार म्हणजे निश्चय. खंत म्हणजे दुःख. पाणी म्हणजे जल, नीर, उदक. तिने सगळे पाठ केले, चाचणीत दहापैकी दहा. मी खूश. दुसऱ्या आठवड्यात सहज विचारलं, “निर्धार म्हणजे काय गं?” “निश्चय.” “आणि निश्चय म्हणजे?” “निर्धार.” “बरं, वाक्यात उपयोग कर.” तिने थोडा विचार करून सांगितलं, “माझी आजी लई निर्धार हाय.”

यात तिची काय चूक? एका अनोळखी शब्दाचा अर्थ म्हणून मी तिला दुसरा अनोळखी शब्द दिला होता. आणि ते पाणी, जल, नीर, उदक! समानार्थी म्हणून आपण हे एका ओळीत बसवतो, पण एकाच्या जागी दुसरा शब्द चालतो का? पाहुणा आला तर त्याला पाणी द्यायचं, जल नाही. गंगाजल म्हणतात, गंगापाणी म्हणत नाहीत. उदक शांतीला लागतं. नीर मला स्वतःला कवितेबाहेर कधी भेटल्याचं आठवत नाही. मुलांना यातला ‘जल’ तेवढा ठाऊक होता, तोही वेगळ्या वाटेने. गावाबाहेरच्या बंधाऱ्यावर ‘जलयुक्त शिवार’ची पाटी आहे, म्हणून त्या बंधाऱ्याचंच नाव ‘जलयुक्त’ पडलं होतं. “पोरं जलयुक्तवर पवायला गेलेत.” यादीतल्या ‘जल’चा त्या जलयुक्तशी काही संबंध आहे, हे मी सांगितलं नव्हतं आणि त्यांना सुचलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी यादी बंद केली. आधीच्या शब्दांतले किती उरले ते तपासलं, तर तिच्याकडे चार उरले होते. ‘नीर’ त्यात नव्हता.

दिवाळीनंतर हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांच्या सोयीच्या, यादीसाठी घरोघर फिरताना मी तिच्या आजीकडे गेले. संध्याकाळची वेळ, आजी ओट्यावर सूप घेऊन बसलेली. बोलायला काहीतरी म्हणून मी विचारलं, “आजी, ज्वारी चाळताय का?”

उत्तर नातीने दिलं. “चाळाया चाळण लागती म्याडम. आजी घोळायलीय. पाखडून झाली मघाच.”

वर्गात तोंड न उघडणारी हीच ती मुलगी. मी तिथेच बसले आणि विचारत गेले. पाखडणं म्हणजे सूप वरखाली करून फोलपट उडवायचं. घोळणं म्हणजे सूप गोल-गोल हलवून खडे एका बाजूला आणायचे. मग निवडणं, ते हाताने. डाळ असेल तर भरडणं, ते जात्यावर जाडसर. दळणं वेगळं, ते पिठाचं. कांडणं उखळात. प्रत्येक शब्दाला तिचा हात आपोआप हलत होता. मी ‘भरडणे’ आणि ‘दळणे’ यांतला फरक इतका नेमका सांगू शकले असते का, शंका आहे.

तेवढ्यात आईचा फोन आला. फोनवरची मुलगी तर आणखीनच वेगळी. “किती टन झालं आज? खाडा झाला का? स्लिपबॉयनं काटा बरोबर धरला का? वाढे विकले का?” मोळी, पाचट, वाढं, खोडवा, कोपी, खेप, उचल, मुकादम, टोळी. दहा मिनिटांत तिच्या तोंडून जे शब्द गेले त्यातले पाच तरी माझ्या शहरी भाचराला अर्थ विचारले तर तो नक्की नापास होईल. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, जनावरांना घालतात. पाचट म्हणजे वाळलेली पानं. मुकादम म्हणजे टोळी जमवणारा, आणि स्लिपबॉय म्हणजे उसाची पावती देणारा कारखान्याचा माणूस. खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस, आणि हिशेबात त्याचे पैसे कापले जातात, हेही तिला ठाऊक होतं.

प्रशिक्षणांत एक आकडा हमखास ऐकवला जातो : गरीब घरातलं मूल तीन वर्षांचं होईपर्यंत सुस्थित घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. तो अमेरिकेतल्या हार्ट आणि रिस्ली यांच्या १९९५ सालच्या अभ्यासातून आला आहे. त्यात एकूण ४२ कुटुंबं होती, कॅन्सस भागातली. २०१८ साली स्पेरी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजणी केली. त्यांनी आईशिवाय घरात बोलणारी इतर माणसं आणि मुलाच्या कानावर पडणारं आजूबाजूचं बोलणं धरलं, तेव्हा गरीब घरांचं चित्र तितकं सरसकट उरलं नाही. हा वाद अजून संपलेला नाही आणि मी त्यात पडायला संशोधक नाही. पण त्या ओट्यावर बसून मला वाटलं, इथे शब्दांचा दुष्काळ नाही. जे आहे ते मोजायची पट्टी माझ्याकडे नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी तिला तेच उदाहरण घातलं, फक्त शब्द बदलून. “चार टोपल्या, हर टोपल्यात सहा आंबे.” “चोवीस.” क्षणभरही थांबली नाही. गुणाकार तिला कधीच अडला नव्हता. अडला होता ‘प्रत्येकी’ हा एक शब्द, आणि मी महिनाभर तिच्याकडून पाढे घोटून घेत होते.

तिथून रीत बदलली. आधी क्रियापदं घेतली. आपण मुलांना शब्द शिकवतो म्हणजे बहुतेक वेळा नामं शिकवतो, फळाफुलांची, प्राण्यांची, चित्रावर बोट ठेवता येतं म्हणून. मराठीची खरी श्रीमंती मला क्रियापदांत दिसते, आणि कष्टाची कामं करणाऱ्या घरांत ती शाबूत असते. भिंतीवर एक लांब कागद चिकटवला, वर लिहिलं ‘कशाला काय करतात?’ आणि मुलांना सोडून दिलं. ऊस तोडतात. ज्वारी काढतात. बाजरीची कणसं मोडतात. कापूस वेचतात. भुईमूग उपटतात. बोरं झाडतात, चिंचा झोडपतात. फांदी छाटतात. लाकूड फोडतात. कांदा चिरतात. मेथीवरून भांडण झालं. रानात ती उपटतात, घरी निवडतात, आणि परसात दोनच जुड्यांपुरती हवी असेल तर खुडतात, असा शेवटी निवाडा झाला. ही मुलगी त्या निवाड्यात पुढे होती. वर्गात तिचा आवाज पहिल्यांदा चढलेला मी तेव्हा ऐकला.

मग या शब्दांना पुस्तकातले नातेवाईक जोडायला सुरुवात केली. वेचणे, त्यावरून वेचक, वेचा. निवडणे, त्यावरून निवड, निवडक. मी ‘निवडणूक’ लिहिलं तेव्हा ती एकदम म्हणाली, “म्हंजी मतदानाची? तांदळावाणी माणसं निवडायची व्हय?” ‘निवडणूक’ हा शब्द तिने हजार वेळा ऐकला होता, भोंग्यावरून, भिंतीवरून. तो ‘निवडणे’पासून झाला आहे हे तिला त्या दिवशी दिसलं. घरी जाऊन तिने आजीलाही सांगितलं. आजीचं म्हणणं, तांदूळ निवडल्यावर खडे बाहेर जातात, इथं उलटं होतं.

‘फड’लाही परत आणलं. मुलांना काम दिलं : घरी जाऊन विचारा, फड कशाकशाचा असतो? दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. उसाचा. तमाशाचा, जत्रेत येतो तो. कुस्त्यांचा. मग आम्ही बसून शोधलं की या सगळ्यांत सारखं काय आहे. माणसं गोळा झालेली असतात, सगळी एकाच गोष्टीत गुंतलेली असतात, काम किंवा खेळ जोरात चाललेला असतो. “मंग गप्पांचा फड म्हंजी लई जण बसून लई बोलायलेत,” तिने सांगितलं. आणि जरा थांबून, “पर तोडायचं काय नाही.”

आता मागे वळून पाहते तेव्हा तिचा पहिल्या दिवशीचा प्रश्न मला वेगळा दिसतो. ‘फड पारावर कसा असंल?’ हा न समजलेल्या मुलीचा प्रश्न नव्हता. तिच्याजवळच्या अर्थात आणि वाक्यात मेळ बसत नाही हे तिने ओळखलं होतं, आणि तसं बोलूनही दाखवलं होतं. ज्यांनी नुसती मान डोलावली त्यांच्यापेक्षा ती पुढे होती.

‘हंगाम’चंही असंच. तिच्या लेखी हंगाम एकच, कारखान्याचा. ‘आंब्याचा हंगाम’ वाचल्यावर तिने विचारलं होतं, आंब्यालाही मुकादम असतो का. ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, हा अर्थ पक्का. तो ‘उचलणे’तून आलाय हे नवीन. ‘डोळा’ मात्र तिने आम्हाला शिकवला. उसाच्या कांडीवर डोळा असतो, तिथून कोंब फुटतो. ती कांडी घेऊनच आली वर्गात. चौथीच्या मुलांनी मग सुईच्या नेढ्यापासून नारळाच्या डोळ्यांपर्यंत यादी केली. तो सगळा तास त्यातच गेला आणि परिसर अभ्यास राहिला.

अवघड होते ते न दिसणारे शब्द. निर्धार, संकोच, काटकसर, खंत. यांना आणून दाखवायला कांडी नसते. इथे मी क्रम उलटा केला, आधी प्रसंग आणि मग शब्द. “घरात साखर थोडीच उरली असेल तर आजी काय करते?” मी विचारलं. “पावणे नसले की चहात कमी टाकती.” “अजून?” “दिवा लवकर मालवती.” असे पाच-सहा प्रसंग गोळा झाले की सांगायचं, याला काटकसर म्हणतात. शब्द यायच्या आधी त्याची जागा तयार झालेली असते.

‘निर्धार’ला वेळ लागला. सायकल शिकताना कितीही पडलं तरी शिकणारच, असं ठरवण्याचा प्रसंग मी सांगितला. ती म्हणाली, “म्हंजी हट्ट.” हट्ट नाही, पण मग फरक काय? मलाही पटकन सांगता येईना. चौथीतला एक मुलगा, एरवी खिडकीबाहेर बघणारा, म्हणाला, “हट्ट दुसऱ्यापशी करायचा असतो. ह्ये आपलं आपल्यापशी.” शब्दकोशात यापेक्षा बरं काही सापडेल असं मला वाटत नाही.

शब्द एकदा सांगून भागत नाही. १९७८ साली केरी आणि बार्टलेट यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांवर एक छोटा प्रयोग केला होता. खोलीत दोन ट्रे, एक निळा आणि एक शेवाळी. शेवाळी रंगासाठी मुलांना अनोळखी असा ‘क्रोमियम’ हा शब्द वापरायचा. मुलाला सहज सांगायचं, “तो क्रोमियम ट्रे आण, निळा नको, क्रोमियम.” मुलं बरोबर ट्रे आणत. काही दिवसांनी विचारलं तर बऱ्याच मुलांना एवढं आठवत होतं की हा कुठल्यातरी रंगाचा शब्द आहे. नेमका कुठला, ते पक्कं नव्हतं. पहिल्या भेटीत शब्दाची अशी सावली मिळते. त्यावर काही केलं नाही तर ती पुसट होते. म्हणून मी आठवड्याला पाच-सहाच शब्द घ्यायचे असं ठरवलं, पण ते माझ्या स्वतःच्या तोंडून निरनिराळ्या जागी यायला हवेत. खिचडी वाढताना : “ताई, आज भाजीत काटकसर नको.” शाळा सुटताना : “संकोच करू नका, कुणाला अडलंय ते विचारा.” सुरुवातीला मला हे नाटकी वाटायचं. मुलांना नाही वाटलं.

मग वही आली. वहीच्या नियमांत मी एकच गोष्ट आग्रहाने पाळली : अर्थ लिहायचा नाही. शब्द लिहायचा, कुणी म्हटला ते लिहायचं, कुठे म्हटला ते लिहायचं. तिच्या वहीतल्या काही ओळी : ‘मुदत – बचतगटाची मावशी – देवळात.’ ‘तगादा – आजी – दुकानदाराला.’ ‘खाडा – आई – फोनवर.’ ‘खिन्न – म्याडम – गोष्टीत.’ अर्थ विचारला की ती तो प्रसंग सांगायची, आणि प्रसंगातच अर्थ असायचा. घरच्या शब्दाचं शुद्धलेखन मी खोडलं नाही. ‘पवणे’ लिहिलं असेल तर शेजारी ‘पोहणे’ लिहून द्यायचे. माझे सहकारी यावर नाराज होते. “बाई, केंद्रप्रमुख वही बघतील तर काय म्हणतील? अशुद्ध आपणच लिहायला लावतोय?” त्यांचं काळजी करणं चुकीचं नव्हतं. मी वहीच्या पहिल्या पानावर ‘ऐकलेले शब्द’ असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. केंद्रप्रमुखांनी ती पाहिलीच नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं मी गोष्ट वाचून दाखवायचे. यात एक चूक बरेच दिवस केली. प्रत्येक अवघड शब्दाला थांबून अर्थ विचारायचे. गोष्ट मरायची, मुलं जांभया द्यायची. नंतर एका गोष्टीत दोन, फार तर तीन शब्द धरले, आणि तेही न थांबता, वाचता वाचता पुढे जोडून : “राजा खिन्न झाला, तोंड पाडून बसला…” बाकीचे शब्द तसेच जाऊ दिले. गोष्टीच्या ओघात मुलं बरंच आपोआप सांभाळून घेतात.

न जमलेल्या गोष्टींत शब्दकोश पहिला. शाळेत एक आहे. पण वर्णमालेचा क्रम मुलांच्या डोक्यात पक्का नसला की शब्द सापडत नाही, आणि सापडला तर अर्थ मूळ शब्दाहून जड निघतो. शब्दांची अंताक्षरी मजेची झाली, पण तिने नवं काही दिलं नाही. घाईत मुलं आधीच येणारे शब्दच काढतात, ‘क’वर दरवेळी कमळ आणि कावळाच. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आजचा शब्द’ टाकून पाहिला. जे पालक गटावर होते त्यांच्या मुलांना त्याची फारशी गरज नव्हती. ज्यांना होती त्यांचे आईबाप फडात होते, आणि घरी आजी.

मार्च संपता संपता पुन्हा पडताळणी झाली. मिनिटभराच्या वाचनात तिचे शब्द आधीपेक्षा कमी भरले. ती थांबत होती. एका शब्दापाशी अडली, मान वर करून विचारलं, “ह्ये काय असतंय?” घड्याळ चालू होतं. नोंदीत मी कमी झालेला आकडाच लिहिला, दुसरं काही लिहायला रकाना नव्हता. लेखी उत्तरांतही गंमत झाली. पूर्वी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवायची, शुद्ध असायचं, पूर्ण गुण. आता स्वतःच्या शब्दांत लिहू लागली तर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, वाक्य अर्धवट. कागदावर मुलगी मागे गेली होती. तोंडी मात्र तिने पूर्ण गोष्ट सांगितली, आणि शेतकरी का दुःखी झाला याची दोन कारणं दिली, त्यातलं एक धड्यात नव्हतं.

गणितात ‘प्रत्येकी’ बसला. ‘एकूण’, ‘उरले’ आधीपासून होतेच. ‘पेक्षा’ मात्र अजून उलटसुलट होतो. ‘अ कडे ब पेक्षा ३ जास्त’ म्हटलं की जास्त कुणाकडे, यात ती अडखळते. मला त्यावर चांगला उपाय अजून सापडलेला नाही. ‘संकोच’ तिने कधीच वापरला नाही. तिचा ‘भीड’ हा शब्द होता आणि तो तिला पुरत होता. ‘खंत’ही तसाच राहिला.

चौथीत गेल्यावर ऑक्टोबरमध्ये आईवडिलांनी तिला बरोबर न्यायचं ठरवलं. धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं, आणि आजीचे गुडघे दुखत होते. मी बोलून पाहिलं. आजी म्हणाली, “बाई, मला का कळंना व्हय? पर त्या लेकराला फडात कुणापशी सोडावं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टोळी या खेपेला कर्नाटकात, बेळगावकडे चालली होती. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मी शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, पुस्तकं दिली आणि वहीचं रिकामं निम्मं बघून म्हटलं, “ही भरून आण.” भरेल असं मला वाटलं नव्हतं.

मार्चअखेरीला कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी परतली. ती शाळेत आली, हात खरबरीत झालेले, वहीचे कोपरे पाचटाच्या कुसाने भरलेले. पंधराएक पानं लिहिलेली होती, काही पेन्सिलीने, काही लाल पेनाने. तो पेन स्लिपबॉयने दिला असं म्हणाली. रकाने तेच. ‘कब्बु – दुकानवाला – ऊस इकत घ्यायला आलेल्या बाईला.’ ‘बेल्ला – दुकानवाला – गूळ तोलताना.’ अर्थ लिहायचा नाही हा नियम तिने तिथेही पाळला होता. फक्त एका ओळीवर तिने गोल केला होता : ‘नीरु – हापशावरची बाई – घागर भरताना.’

तिने वहीच्या अगदी मागची पानं उलटली. तिसरीतली, दहा शब्दांच्या यादीच्या दिवसांतली पानं तिने सुईदोऱ्याने तिथे शिवून ठेवली होती, मला ते माहीतही नव्हतं. त्यात माझ्या अक्षरात ओळ होती : पाणी – जल, नीर, उदक. तिने ‘नीर’वर बोट ठेवलं.

“म्याडम, ह्ये तुम्ही लिहून दिलं व्हतं ना? तिकडं खरंच म्हणतेत. हापशावर.”